अर्धशिशी आटोक्यात ठेवण्यासाठी घेतलेल्या इंजेक्शनांचा खर्च आरोग्य विम्यातून मिळू शकतो का?

माहुलीकर (सातारा) यांचा प्रश्न

नमस्कार. मी साताऱ्यातील एका सहकारी पतसंस्थेत हिशेबनीस आहे. माझे वय ३९ असून गेली नऊ वर्षे मला अर्धशिशीचा त्रास आहे. सुरुवातीला महिन्यातून दोन-तीनदा डोके धरायचे, पण गेल्या दीड वर्षात महिन्यातले सोळा-सतरा दिवस दुखण्यात जाऊ लागले. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर मी दुखण्याच्या दिवशी लाल पेनने फुली मारते आणि गोळी घ्यावी लागली तर फुलीभोवती गोल काढते. यंदाच्या जूनच्या पानावर दुधाचा खाडा लिहायलाही जागा उरली नव्हती.

दुखणे उठू नये म्हणून डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या करून पाहिल्या. दम्यामुळे मला प्रोप्रानोलॉल देता आले नाही. फ्लुनारिझिनने वजन वाढले आणि दिवसभर झापड येऊ लागली. ॲमिट्रिप्टिलिन घेतल्यावर सकाळी उठवत नसे. टोपिरामेटने बोटांना मुंग्या यायच्या आणि बोलताना साधे शब्द आठवेनासे झाले. ऑगस्टमध्ये सलग चार दिवस दुखणे थांबले नाही आणि उलट्यांमुळे पोटात पाणीही ठरेना, तेव्हा मला पुण्यातील एका रुग्णालयात तीन दिवस दाखल व्हावे लागले. तो सगळा खर्च विमा कंपनीने कॅशलेस पद्धतीने दिला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पुढे तेथील मेंदूविकारतज्ज्ञांनी बोट्युलिनम टॉक्सिनची, म्हणजे सुरकुत्यांसाठीही वापरतात त्या ‘बोटॉक्स’ची, इंजेक्शने सुचवली. कपाळ, कानशिले, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे अशा एकूण ३१ जागी बारीक सुईने मिळून १५५ युनिट औषध दिले गेले. वीस मिनिटांत काम आटोपले, तासभर बसवून ठेवले आणि संध्याकाळच्या एसटीने मी घरी आले. बिल झाले ३४,६०० रुपये. मी आठवड्याभरात दावा दाखल केला आणि तो नाकारला गेला. पत्रात दोन कारणे दिली आहेत. हा सौंदर्योपचार असल्याने पॉलिसीत बसत नाही, हे पहिले, आणि रुग्ण चोवीस तास दाखल नव्हती, हे दुसरे. पहिले कारण वाचून मला रडू आले, कारण ज्या कपाळात खिळा ठोकल्यासारखे दुखते त्या कपाळावरच्या सुरकुत्यांशी माझे काहीही देणेघेणे नाही.

गुण मात्र आला आहे. नोव्हेंबरच्या पानावर सात फुल्या आहेत. पण हे उपचार दर बारा आठवड्यांनी घ्यायचे असतात आणि पुढची खेप जानेवारीत आहे. पॉलिसी सहा वर्षांची, कुटुंबाची मिळून पाच लाखांची आहे, आणि ती घेताना अर्जात अर्धशिशीची नोंद मी केली होती. या नकाराविरुद्ध दाद मागता येईल का, आणि यापुढच्या खेपांसाठी काय मार्ग आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शनिवारपेठकर (पुणे)

ताई, मी एका सर्वसाधारण विमा कंपनीच्या दावे विभागातून निवृत्त झालो आहे. आपल्या प्रश्नात मला एक महत्त्वाची गोष्ट दिसते आहे, पण तिच्याकडे येण्याआधी त्या दोन कारणांचा स्वतंत्र विचार करायला हवा, कारण त्यांचे वजन सारखे नाही.

सौंदर्योपचाराचे कारण टिकण्यासारखे नाही. विमा नियामकाने २०१९ मध्ये वगळलेल्या बाबींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली. त्यातील आठव्या क्रमांकाचे कलम रूप बदलण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रिया आणि उपचार वगळते. तुमच्या निदानात, औषधाच्या मात्रेत किंवा टोचण्याच्या जागांत रूप बदलण्याचा हेतू कुठेही नाही. बोट्युलिनम टॉक्सिन हे जुनाट अर्धशिशीसाठीचे मान्य औषध आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्येच त्याला या आजारासाठी परवानगी दिली. माझा अंदाज असा की दावा तपासणाऱ्याने बिलावरचा ‘बोटॉक्स’ हा एक शब्द वाचला आणि पुढचे वाचलेच नाही.

दुसरे कारण खरोखर अवघड आहे. आपल्याकडची बहुतेक आरोग्य पॉलिसी रोगासाठी नसते, दाखल होण्यासाठी असते. ‘अर्धशिशीला विमा आहे का’ असे विचारले तर उत्तर ‘आहे’ असेच येईल, आणि ऑगस्टमध्ये आपल्याला ते मिळालेही. मात्र दुखणे उठूच नये म्हणून घेतलेला उपचार बाह्यरुग्ण विभागात होतो, आणि तिथे ही पॉलिसी हात आखडते. डे-केअर हा अपवाद आपल्याला आठवेल, परंतु त्याच्या व्याख्येत तीन अटी आहेत. उपचार सार्वत्रिक किंवा स्थानिक भूल देऊन व्हावा, नव्या तंत्रामुळे तो चोवीस तासांच्या आत आटोपत असावा, आणि ते तंत्र नसते तर त्यासाठी चोवीस तासांहून जास्त दाखल व्हावे लागले असते. सामान्यतः बाह्यरुग्ण विभागात होणारे उपचार त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेले आहेत. वीस मिनिटांची, भुलीशिवायची इंजेक्शने त्यात बसवणे कठीण आहे. तरीही आपल्या पॉलिसीच्या शेवटी डे-केअर उपचारांची यादी जोडलेली असेल तर ती ओळीने वाचा. तिथे हा उपचार नावाने असेल, तर व्याख्येचा प्रश्न उरत नाही.

आता ती महत्त्वाची गोष्ट. आपण लिहिले आहे की ऑगस्टमध्ये याच दुखण्यासाठी आपण दाखल होता आणि तो दावा मंजूर झाला. जवळपास प्रत्येक पॉलिसीत दाखल होण्यापूर्वीच्या आणि घरी सोडल्यानंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्च मिळतो. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत ते दिवस अनुक्रमे ३० आणि ६० आहेत, काही पॉलिसींत त्याहून जास्त असतात. त्या नंतरच्या खर्चासाठी पुन्हा दाखल व्हावे लागत नाही. ज्या आजारासाठी दाखल झालो त्याच आजारासाठीचा खर्च असावा आणि मूळ दावा ग्राह्य ठरलेला असावा, एवढ्या दोनच अटी व्याख्येत आहेत. म्हणून मला आपल्याकडून दोन तारखा हव्या आहेत: डिस्चार्ज कार्डावरची घरी सोडल्याची तारीख आणि इंजेक्शनांच्या बिलाची तारीख. त्या कळल्या की पुढचे सांगतो.

एक विनंती आहे. जानेवारीच्या खेपेसाठी ‘एक रात्र दाखल करून घेऊ, म्हणजे दावा बसेल’ असे कोणी सुचवले तर ते ऐकू नका. नोकरीत असताना असे कागद माझ्यासमोर वारंवार येत. रात्रभरात रुग्णाला एकही सलाईन नाही, नाडीची नोंद दोनदाच, आणि दाखल करण्याचे कारण म्हणून नुसते ‘निरीक्षण’ लिहिलेले. असा दावा नाकारला जातोच, शिवाय नंतर खऱ्या आजारपणातही त्या कुटुंबाच्या कागदांकडे संशयाने पाहिले जाते.

वैद्यकशाखा (कोल्हापूर)

मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. कलमांबद्दल वर लिहिले गेलेच आहे, मी कागदांबद्दल लिहितो, कारण रुग्णाचा दावा पुष्कळदा आम्हा डॉक्टरांच्या अपुऱ्या लिहिण्यामुळे अडतो, हे मला मान्य केले पाहिजे. आमच्या चिठ्ठीवर ‘मायग्रेन, बोटॉक्स दिले’ एवढेच असेल तर कंपनीतल्या माणसाने त्यातून काय समजावे?

आपल्या डॉक्टरांकडून रुग्णालयाच्या कागदावर एक सविस्तर पत्र मागून घ्या. त्यात ‘जुनाट अर्धशिशी’ हे निदान आणि त्याचा निकष स्पष्ट लिहिलेला असावा. तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस डोकेदुखी आणि त्यांपैकी किमान ८ दिवस अर्धशिशीच्या लक्षणांची, हा आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा निकष आहे, आणि आपल्या दिनदर्शिकेची पाने हाच त्याचा पुरावा आहे. त्या पानांची मोबाइलवर नीट उजेडात छायाचित्रे काढून ठेवा आणि प्रती डॉक्टरांच्या सहीने पत्राला जोडा. आधीची औषधे नुसती नावाने लिहू नयेत, तर कोणत्या मात्रेत, किती आठवडे घेतली आणि का थांबवावी लागली, हे प्रत्येकासमोर यावे. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रानोलॉल का देत नाहीत, हेही एका वाक्यात लिहावे, म्हणजे ‘स्वस्त औषध का वापरले नाही’ हा प्रश्न उठणार नाही. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेतून हे इंजेक्शन मिळण्यासाठी आधी किमान तीन प्रतिबंधक औषधे देऊन पाहिलेली असावी लागतात, असा २०१२ पासूनचा दंडक आहे. आपण त्या कडक दंडकालाही उतरता, हे पत्रात जरूर यावे.

बिलही तपासा. त्यावर औषधाचे शास्त्रीय नाव, म्हणजे ओनाबोट्युलिनमटॉक्सिन-ए, १५५ युनिट, ३१ जागा आणि कुपीचा बॅच क्रमांक असायला हवा. रुग्णालयाच्या संगणकात हे औषध कधी कधी त्वचाविकार विभागाच्या शीर्षाखाली नोंदलेले असते आणि बिल त्याच शीर्षाने छापून येते. तसे झाले असेल तर दुरुस्त बिल मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

विम्याशी संबंध नसलेली, पण सांगणे माझे कर्तव्य आहे अशी एक गोष्ट. गोल काढलेल्या फुल्या महिन्यात किती, ते मोजा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान (अर्धशिशीचा झटका थांबवणाऱ्या खास गोळ्या) किंवा मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ चालले, तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी वाढत जाते.

भोसरीचा कामगार (पिंपरी-चिंचवड)

माझ्या पत्नीलाही हाच त्रास आहे. माझा पगार दरमहा २१,००० रुपयांच्या आत असल्यामुळे आमचे कुटुंब कर्मचारी राज्य विमा योजनेत येते. पगारातून पाऊण टक्का माझा आणि सव्वातीन टक्के मालकाचे, एवढ्या वर्गणीत बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजच्या गोळ्याही मिळतात आणि दाखल होण्याची अट नाही. रांग मोठी असते, एखादे औषध त्या दिवशी नसते आणि पुन्हा जावे लागते, पण तिच्या प्रतिबंधक गोळ्यांसाठी गेल्या चार वर्षांत आम्ही खिशातून जवळजवळ काही घातलेले नाही. इंजेक्शनांचा अनुभव मला नाही. ताईंच्या संस्थेला ही योजना लागू आहे का आणि त्यांचा पगार मर्यादेत बसतो का, हे एकदा विचारून घ्यावे असे वाटते.

हडसनकाठ (न्यू जर्सी)

मी मूळची सांगलीची, बारा वर्षांपासून इथे आहे आणि जुनाट अर्धशिशीचीच रुग्ण आहे. इथल्या विम्यात बाह्यरुग्ण उपचार येतात, त्यामुळे ‘दाखल नव्हता’ असे कोणी म्हणत नाही. पण भांडण संपत नाही, ते दुसऱ्या दारात उभे राहते. उपचाराआधी कंपनीची पूर्वपरवानगी लागते आणि ती मिळण्यासाठी आधी दोन जुनी औषधे घेऊन ती लागू पडली नाहीत हे दाखवावे लागते. मला जी गोळी सोसत नव्हती ती केवळ कागद पूर्ण व्हावा म्हणून आठ आठवडे घ्यावी लागली. त्या आठ आठवड्यांत मुलाच्या शाळेतल्या दोन कार्यक्रमांना मी जाऊ शकले नाही. २०२४ मध्ये अमेरिकन हेडेक सोसायटीने अर्धशिशीच्या वेदनेशी निगडित सीजीआरपी या रेणूला रोखणारी नवी औषधे पहिल्या टप्प्यातच देण्यास हरकत नाही, अशी भूमिका जाहीर केली. माझ्या डॉक्टरांनी तो कागद जोडून अपील केले तेव्हा माझी परवानगी आली. इथे कंपनीअंतर्गत अपील फेटाळले गेले तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञांकडून फेरतपासणी मागता येते.

माझा प्रश्न शनिवारपेठकर काकांना आहे. माझी आई सांगलीत असते आणि तिलाही तिथल्या डॉक्टरांनी या नव्या गटातल्या महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनाबद्दल सांगितले आहे. ते इंजेक्शन मोनोक्लोनल अँटिबॉडी या प्रकारचे आहे आणि तिच्या पॉलिसीत ‘मोनोक्लोनल अँटिबॉडी इंजेक्शन’ असे शब्द मी स्वतः वाचले आहेत. तो खर्च मिळेल असे समजावे का?

माहुलीकर (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारपेठकर काका, डिस्चार्ज कार्डावर १९ ऑगस्ट अशी तारीख आहे आणि इंजेक्शनांचे बिल ११ ऑक्टोबरचे आहे. पॉलिसीत घरी सोडल्यानंतरचे ६० दिवस लिहिलेले आहेत, हे आत्ता वाचले. आजवर त्या ओळीचा अर्थ मी फक्त टाके काढणे आणि मलमपट्टी असाच समजत होते.

डॉक्टरसाहेब, आपण म्हणालात तसेच निघाले. बिलाच्या वरच्या ओळीत ‘त्वचा व सौंदर्य’ असे छापले आहे. रुग्णालयात फोन केला तर त्यांनी दुरुस्त प्रत देण्याचे कबूल केले आहे. गोल काढलेल्या फुल्या जुलैमध्ये तेरा होत्या, नोव्हेंबरमध्ये तीन आहेत.

शनिवारपेठकर (पुणे)

ताई, १९ ऑगस्टपासून ११ ऑक्टोबरपर्यंत ५३ दिवस होतात. म्हणजे ही खेप मुदतीत आहे. आपण ती स्वतंत्र दावा म्हणून पाठवली, म्हणून चोवीस तासांचा प्रश्न उभा राहिला. आता नवा दावा करू नका. ऑगस्टच्या मंजूर दाव्याचा क्रमांक लिहून, ‘त्याच आजारासाठीचा घरी सोडल्यानंतरचा खर्च’ म्हणून याच बिलाचा फेरविचार करावा, असे पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला द्या. सोबत डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांचे पत्र, दुरुस्त बिल आणि दिनदर्शिकेची पाने जोडा. डिस्चार्ज कार्डावरच ‘प्रतिबंधक उपचार सुरू करावेत’ असा सल्ला असेल तर त्या ओळीखाली रेघ मारा. त्या ६० दिवसांत आपण विकत घेतलेल्या गोळ्या आणि तपासणी शुल्क यांच्या पावत्या सापडल्या तर त्याही याच पत्रासोबत जातील. कागद देण्याची मुदत टळली असे कंपनी म्हणाली तर दोन गोष्टी दाखवा: मूळ बिल आपण आठवड्याभरातच पाठवले होते, आणि उशीर एवढ्याच कारणावरून खरा दावा यांत्रिकपणे नाकारू नये, असे नियामकाने २०११ च्या परिपत्रकात बजावले आहे.

२०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कोणताही दावा कंपनीच्या आढावा समितीच्या संमतीशिवाय नाकारता येत नाही आणि नकाराच्या पत्रात पॉलिसीतील नेमक्या अटीचा उल्लेख असावा लागतो. ती संमती होती का, हे पत्रात विचाराच. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालांकडे जा. सातारकरांसाठी ते कार्यालय पुण्यात नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात, आणि नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. आपल्याला तो पटला नाही तर ग्राहक आयोगाची वाट मोकळी राहते.

जानेवारीच्या खेपेबद्दल मी आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. ती ६० दिवसांच्या बाहेर आहे आणि आपली सध्याची पॉलिसी ती देईल असे मला वाटत नाही. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी बाह्यरुग्ण खर्चाची जोड मिळते का ते विचारा, पण तिची वार्षिक मर्यादा आणि वाढणारा हप्ता यांची चार खेपांच्या खर्चाशी गाठ घालून मगच ठरवा, कारण अनेकदा ती मर्यादा एका खेपेलाही पुरत नाही. आपल्या पतसंस्थेने कर्मचाऱ्यांसाठी गट विमा घेतला तर त्यात बाह्यरुग्ण खर्च बोलणी करून घालता येतो. संचालक मंडळाकडे हा विषय मांडण्यासाठी हिशेबनिसाहून योग्य व्यक्ती कोण असणार?

न्यू जर्सीच्या ताईंसाठी: आईच्या पॉलिसीतले ते शब्द नियामकाच्या २०१९ च्या बारा आधुनिक उपचारांच्या यादीतून आलेले आहेत. पण त्यांच्या आधीची ओळ वाचा. हे उपचार रुग्णालयात आंतररुग्ण म्हणून किंवा डे-केअर म्हणून घेतले तर देय आहेत, असे तिथे बहुधा लिहिलेले असेल, आणि पुष्कळ पॉलिसींत त्यांना मर्यादाही असते. आरोग्य संजीवनीत ती विमा रकमेच्या निम्मी आहे. त्वचेखाली घ्यायचे इंजेक्शन घरी टोचून घेतले तर कंपनी नकार देईल हे जवळजवळ ठरलेले आहे. रुग्णालयात डे-केअर म्हणून घेतले तरी ‘हे बाह्यरुग्ण विभागातच होते’ असा आक्षेप येईल, पण यादीत उपचाराचे नाव असल्यामुळे आपल्या आईची बाजू साताऱ्याच्या ताईंच्या जानेवारीच्या खेपेपेक्षा भक्कम आहे. पहिले इंजेक्शन घेण्याआधीच कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर ई-मेलवर मागा. दूरध्वनीवर मिळालेला होकार लोकपालांसमोर दाखवता येत नाही.

माहुलीकर (सातारा)

काका, डिस्चार्ज कार्ड समोर ठेवूनच हे लिहिते आहे. सल्ल्याच्या तिसऱ्या ओळीत ‘प्रतिबंधक उपचारांसाठी सहा आठवड्यांनी मेंदूविकार विभागात दाखवावे’ असे डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलेले आहे. त्या ओळीखाली रेघ मारली आहे. दुरुस्त बिल सोमवारी मिळेल, पत्र मंगळवारी रजिस्टर पोस्टाने जाईल, आणि उत्तर आले की ते काय आहे हे इथे कळवते.